खुडूक कोंबडीचा हिशेब

सकाळी सातच्या आत टेम्पो येतो आणि जनावरांच्या दवाखान्याच्या पडवीत पुठ्ठ्याची खोकी उतरू लागतात. तालुका संगमेश्वर. खोक्यांना चहूबाजूंनी भोकं पाडलेली, आत चार कप्पे, कप्प्यात पंचवीस-पंचवीस पिल्लं. सगळी कालच अंड्यातून निघालेली. एकेकाचं वजन चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर, पण शंभरांचा कलकलाट असा की पडवीत दोन माणसांना धड बोलता येत नाही. यादीत नावं असलेल्या बायका आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन रांगेत उभ्या. एका काकींनी खोक्याच्या भोकातून आत डोकावून पाहिलं नि विचारलं, "शंभर पिल्लं, आनि कोंबडी एक पन न्हाय?"

टेम्पोवाला हसला. डॉक्टर हसले नाहीत. "कोंबडी तुम्हीच व्हायचं, काकी. निदान महिनाभर तरी."

ही पिल्लं दाणापाण्याशिवाय रातोरात इथवर येऊ शकतात, कारण अंडं फोडण्याआधी पिल्लू उरलासुरला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काढतं. निसर्गात ही सोय वेगळ्याच कारणासाठी आहे. सगळी अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. मागे राहिलेल्या अंड्यांवर आई बसून असते, तोवर आधी निघालेल्यांनी उपाशी मरू नये. त्या शिदोरीवर आज जगभर एकदिवसीय पिल्लांचा व्यापार चालतो. राज्याचं पशुसंवर्धन खातं एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत निम्म्या अनुदानावर शंभर पिल्लांचा गट देतं. दुसरा पर्याय तलंगांचा, म्हणजे आठ-दहा आठवड्यांच्या, अंड्यावर यायच्या आधीच्या पंचवीस माद्या आणि सोबत तीन नर. सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. शिवाय खासगी हॅचऱ्या आहेतच.

काकींचा प्रश्न मात्र मला पुढे बरेच दिवस सोडेना. त्यांच्या वाडीत येणं-जाणं वाढलं ते त्यामुळेच. परसातल्या कोंबड्यांवर बोलणारे बहुतेक लोक अंड्यांचा हिशेब मांडतात, वर्षाला किती आणि डझनाला किती. वाडीतल्या बायकांचा हिशेब दुसरीकडून सुरू होतो. कोणाची कोंबडी खुडूक झाली आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न.

काकींच्या मागच्या पडवीत, सरपणाच्या आडोशाला, एका जुन्या टोपलीत पेंढा घालून तेरा अंडी मांडलेली होती आणि त्यांवर एक काळी-तांबडी गावठी कोंबडी पसरली होती. बसली होती म्हणणं कमी पडेल. सगळी पिसं फुलवून तिने स्वतःला दुप्पट केलं होतं. हात जवळ नेला तर घशातून घरघर, आणखी नेला तर टोच. काकींनी तिला बेलाशक उचलून पोट दाखवलं. छातीखालची पिसं गळून कातडी उघडी पडलेली, बोट लावलं तर चांगलीच गरम. अंड्याला थेट अंगाची ऊब मिळावी म्हणून खुडूक कोंबडीच्या अंगावर हा उघडा पट्टा तयार होतो.

प्रत्येक अंड्यावर कोळशाची एक रेघ होती. ती कशासाठी, हे विचारल्यावर काकींना माझी थोडी कीव आलेली दिसली. दुसऱ्या कोंबड्या संधी साधून त्याच टोपलीत अंडं घालून जातात. ते उशिराचं अंडं रवणीत राहिलं तर बाकीची पिल्लं निघून गेली तरी ते अर्धवटच राहतं. म्हणून रोज बघायचं आणि बिनरेघेचं काढायचं. टोपलीत पेंढ्याखाली एक खिळा, कोळशाचा तुकडा आणि सुकी मिरचीही होती. वीज कडाडली की अंडी नासतात, त्यावर हा उतारा. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मिरचीने नुकसान काही नाही, ठेवू द्या. पावसाच्या तोंडाला अंडी नासतात हे खरंच आहे, पण माझ्या मते त्यात विजेपेक्षा उकाड्याचा हात मोठा. त्याकडे पुढे येऊ.

एकवीस दिवस. या एकवीस दिवसांत कोंबडी काय काय करते ते पाहिलं की उबवणी यंत्र बनवणाऱ्यांनी नक्कल कोणाची केली हे उमगतं. ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी उलटीपालटी करते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. तसं केलं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतो. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं, ती उठते. त्या वेळात दाणा, पाणी, मातीत अंघोळ आणि दिवसभर धरून ठेवलेली विष्ठा, असा सगळा आटापिटा. त्या विष्ठेचा वास असा असतो की घरातल्या आंधळ्यालाही कोंबडी उठल्याचं कळावं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू येते आणि ती बाहेरून त्याला उत्तर देते. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर कवच फोडण्यापुरता एक टणक कण असतो, तो नंतर गळून पडतो.

सातव्या रात्री काकींची नात मोबाइलचा टॉर्च घेऊन आली. दिवा घालवला. तिने मुठीची नळी केली, टॉर्चवर धरली आणि अंड्याचं बोथट टोक तिच्यावर टेकवलं. अंडं आतून केशरी उजळलं. मध्ये एक काळपट ठिपका, त्याच्यापासून चहूकडे गेलेल्या लाल शिरा. टक लावून पाहिलं तर ठिपका हलत होता. पुढचं अंडं स्वच्छ, नुसता बलकाचा पुसट डाग. "हे बिनभराचं," नात म्हणाली. एकात लाल कडं होतं, शिरा नव्हत्या. गर्भ धरून मेला होता. दोन अंडी बाजूला झाली, अकरा परत गेली. कोंबडीने ती एकेक करून पोटाखाली ओढून घेतली. बाजूला काढलेलं अंडं खायचं का, हा प्रश्नच नव्हता, सात दिवस अडतीस अंशांच्या जवळपास राहिलेलं अंडं खात नाहीत. तरी ते उकिरड्यावरही फेकलं नाही, खड्डा करून पुरलं. मुंगसाला अंड्याची चटक लागली की ते रवणीपर्यंत पोचतं.

या कोंबडीचं वर्षाचं गणित गरिबीचं आहे. बारा-पंधरा अंडी देते, खुडूक बसते, पिल्लं काढते, दोन-तीन महिने ती घेऊन हिंडते, मग पुन्हा अंड्यावर येते. वर्षात तीन-चार फेऱ्या, पन्नास-साठ अंडी. याउलट फार्मची कोंबडी. पुण्याची व्यंकटेश्वरा हॅचरीज १९७१ साली सुरू झाली. बी. व्ही. राव यांच्या त्या कंपनीची बीव्ही-३०० ही पांढरी लेअर वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते आणि खुडूक होतच नाही. खुडूकपणा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या अंमलाखाली येतो. पिढ्यान् पिढ्या ज्या कोंबड्या बसत नाहीत त्यांचीच अंडी पुढे उबवत गेलं की हळूहळू बसण्याची ओढच नाहीशी होते. पांढऱ्या लेगहॉर्नच्या बाबतीत हे फार पूर्वीच झालं. परसासाठी म्हणून काढलेल्या सुधारित जातींचीही तीच कथा. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज असो वा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज किंवा ग्रामप्रिया, या रंगीत पिसांच्या, काटक, घरच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढणाऱ्या आणि गावठीच्या दुप्पट-तिप्पट अंडी देणाऱ्या आहेत. पण त्या रवणीला बसत नाहीत. त्यांची अंडी गावठीखाली ठेवून पिल्लं काढता येतात, पण या जाती संकराच्या असल्याने पुढच्या पिढीत ते उत्पादन टिकत नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं बाहेरूनच आणायची.

माझ्या लेखी परसातल्या कोंबडीचा खरा प्रश्न इथे आहे. गावठी कोंबडी अंडी कमी देते कारण उरलेला वेळ ती दुसरी कामं करते. ती उबवणी यंत्र आहे, दाई आहे, पहारेकरी आहे. तिची बदली करून जास्त अंड्यांची कोंबडी आणली की ही कामं संपत नाहीत, ती घरातल्या बाईच्या अंगावर पडतात. योजनेच्या कागदावर अंडी मोजलेली असतात. बाईचे तास त्यात धरलेले मला कुठे दिसले नाहीत.

ते तास कसे जातात हे खोकं घरी नेल्यावर कळतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश सेल्सियस ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल कठडा करायचा, गोल अशासाठी की कोपरा मिळाला तर पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला भाताचं तूस, पहिले दोन-तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र, नाहीतर ती तूसच खाऊन बसतात. मध्ये दिवा टांगायचा, पिल्लामागे दोन वॉट या हिशेबाने.

आणि इथेच घोडं पेंड खातं. दोन वॉटचा हिशेब पिवळ्या, तारेच्या बल्बचा आहे. तो बल्ब खातो त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून पिल्लांना तो चालायचा. आता वाडीतल्या दुकानात एलईडी मिळतात. उजेड लख्ख, ऊब शून्य. एका घरात शंभर पिल्लांवर छान पांढरा एलईडी लावलेला होता आणि सकाळी त्याखाली पंधरा पिल्लं एका ढिगात मेलेली. वीजबिल वाचलं होतं. माहीतगार लोक तालुक्याहून लाल इन्फ्रारेड बल्ब आणतात, किंवा कोळशाची शेगडी ठेवतात. शेगडी ठेवायची तर धुराला वाट ठेवणं भाग. पावसाळ्यात वीज जाणं कोकणाला नवीन नाही, आणि ती रात्रीच जाते. मग गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांत ठेवायच्या नि दर दीड-दोन तासांनी उठून बदलायच्या.

थर्मामीटर कोणाच्या घरी नसतो, लागतही नाही. पिल्लं दिव्याखाली गर्दी करून ओरडत असतील तर थंडी वाजतेय. कठड्याला चिकटून चोच उघडी टाकून धापत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला गेली तर कुठून तरी वारा येतोय. पांगून, निवांत, काही खाताहेत काही पाय ताणून झोपलीत, असं असेल तर आपणही झोपावं. पहिलं पाणी गुळाचं, पाण्याचं भांडं उथळ आणि त्यात दोन-चार गारगोट्या, म्हणजे पिल्लू बुडत नाही. दाणा म्हणून मक्याचा बारीक भरडा पहिल्या दिवसापुरता ठीक, पुढे प्रथिनं असलेलं पिल्लांचं खाद्य हवंच, नुसत्या कण्यांवर ठेवलेली पिल्लं पंख लोंबवून बसतात. रोज सकाळी एकेकाचं ढुंगण पाहायचं. शी चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवायची, नाहीतर वाट बंद होऊन पिल्लू मरतं. शंभर ढुंगणं, रोज. योजनेची जाहिरात छापणाऱ्यांनी एकदा करून पाहावं.

कोंबडीखालची पिल्लं यातलं काहीच मागत नाहीत. त्यांचं संकट वरून येतं. घार अंगणावरून गेली की आई एक विशिष्ट आवाज काढते आणि दहाच्या दहा पिल्लं करवंदीच्या जाळीत गडप होतात. विकतच्या पिल्लांना हा आवाज कोणी शिकवलेला नसतो, ती उघड्यावर टकमक पाहत राहतात. वाडीतल्या बायकांचा अंदाज असा की आईबरोबरचीही निम्मी जातात, घार, कावळा, मुंगूस, बोका, पावसाची झोड, आणि कधी पाटाचं पाणी. म्हणून डालगं. सकाळी पिल्लांना डालग्याखाली दाणा टाकायचा, डालगं एका बाजूने विटेवर टेकवून. पिल्लं आत शिरतात, मोठ्या कोंबड्या बाहेर चरफडत राहतात.

घार एकेक नेते. मानमोडी सगळं खुराडं नेते. ज्याला पुस्तकात राणीखेत म्हणतात तो हा रोग भारतात १९२८च्या सुमाराला कुमाऊंमधल्या राणीखेत इथे नोंदला गेला, त्याच्या एखाद-दोन वर्षं आधी इंग्लंडात न्यूकॅसलला आणि जावामध्ये. मान पिळवटते, पंख लुळे पडतात, हिरवी हगवण, आणि चार दिवसांत वाडी रिकामी. उन्हाळ्यात मर येते हे सगळ्यांना ठाऊक असतं. एका घरची मरायला लागली की दुसरं घर उरलेल्या घाईघाईने विकून टाकतं, आणि रोग पिशवीत बसून बाजाराला जातो.

लस आहे, स्वस्त आहे, गुणकारी आहे. पाचव्या-सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, दोन आठवड्यांच्या सुमाराला गंबोरो, महिन्याला पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्याला आर-टू-बीचं इंजेक्शन. मरेक्सची पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचलेली असते. अडचण कुपीची आहे. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची, ती सतत बर्फात हवी आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायला हवी. काकींच्या घरी अकरा पिल्लं, चार तलंगा, दोन कोंबडे. त्यांनी शंभरांची कुपी घेऊन करायचं काय? हे काम एकट्या घराचं नाहीच, ते अख्ख्या वाडीचं आहे, आणि दिवस उतरल्यावर करायचं, कारण तेव्हा कोंबड्या खुराड्यात सापडतात. या वाडीत दोन मुली ते करतात. थर्मासमध्ये बर्फ, हातात ड्रॉपर, दारोदार फिरून एकेक कोंबडी धरायची, डोळ्यात थेंब, डोळा मिटेपर्यंत थांबायचं, सोडायची. कोंबडीमागे एक-दोन रुपये घेतात. खात्याने अशा मुलींना थर्मास नि मानधन दिलं तर पिल्लांच्या खोक्यांपेक्षा जास्त कोंबड्या वाढतील असं माझं मत आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सोसणारी आय-टू ही लस नेमकी अशा खेड्यांसाठी तयार केली. मोझांबिक, टांझानियात गावातल्याच बायका ती देतात.

बर्ड फ्लू हा प्रकार निराळा, त्याच्यावर वाडीकडे उपाय नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातली पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला जाहीर झाली. नवापूर हे मोठ्या लेअर फार्मांचं गाव. पण साथीच्या परिघात फार्म आणि परस असा भेद नसतो, खुराड्यातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच. अचानक, एकदम पुष्कळ कोंबड्या किंवा गावातले कावळे मरू लागले तर हात न लावता दवाखान्यात कळवायचं, एवढंच परसवाल्याच्या हातात असतं.

आता अंड्यांकडे येऊ.

पहाटे खुराडं उघडण्याआधी काकी एकेक कोंबडी काखेत धरून करंगळीने चाचपतात. आत अंडं लागलं तर ती आज घालणार, मग तिला डालग्याखाली झाकायचं, नाहीतर ती शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीत घालून येईल. अंड्याला तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाचे. म्हणून आदल्या संध्याकाळी मऊ लागलेलं सकाळी टणक लागतं. कवचाचा चुना कुठून तरी यावा लागतो, कोकणात त्यासाठी कालवांच्या नि तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून टाकतात. तलंगेचं पहिलं अंडं सुपारीहून थोडं मोठं, कधी त्यावर रक्ताची पुसट रेघ असते. तुरा लालबुंद झाला आणि पाठीवर हात ठेवताच तलंग खाली दबून बसू लागली की ते पहिलं अंडं आठवडा-पंधरवड्यावर आलं समजायचं.

अंडी घरात आली की त्यांचे तीन वाटे होतात: रवणीचं, विकायचं, पोरांच्या ताटातलं. रवणीसाठी मध्यम आकाराचं, स्वच्छ, न तडकलेलं आणि आठवड्याच्या आतलं अंडं निवडतात. ठेवायचं टोकदार बाजू खाली करून, थंड जागी. एकवीसेक अंशांच्या वर तापमान गेलं की भरलेल्या अंड्यातला गर्भ थोडा थोडा वाढू लागतो, पुरेशी ऊब न मिळाल्याने अर्ध्यात मरतो. मे महिन्याच्या कोकणी उकाड्यात शिंकाळ्यात दहा दिवस ठेवलेली अंडी म्हणूनच रवणीत नासतात. ओल्या वाळूवर मडकं, मडक्यात अंडी, वर फडकं, हा त्यावरचा बिनविजेचा इलाज. काकी रवण बसवतात ती दिवाळीनंतर, भात घरात आलं की. हवा थंड असते, खळ्यात दाणा सांडलेला असतो, पिल्लांना पाऊस नसतो.

विकायच्या अंड्यांवरून माझा आणि काकींच्या नातीचा वाद झाला. गिऱ्हाईकाला स्वच्छ दिसावीत म्हणून ती अंडी धुऊन ठेवत होती. अंडं बाहेर पडताना त्यावर एक पातळ, ओलसर लेप असतो, तो वाळून कवचाची हजारो छिद्रं झाकतो. पाण्याने तो जातो, आणि गार पाण्याने धुतलं तर आतला भाग आकसून बाहेरचे जंतू छिद्रांतून आत ओढले जातात. अमेरिकेत दुकानात जाणारी अंडी धुऊनच विकतात, पण मग ती शेवटपर्यंत शीतपेटीत ठेवावी लागतात. युरोपात पहिल्या प्रतीची अंडी धुवायला बंदी आहे. आपल्याकडे टोपलीतून उन्हात जाणाऱ्या अंड्यासाठी युरोपची पद्धत शहाणपणाची. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावं, फारच माखलेलं घरी लगेच वापरावं, आणि धुवायचंच तर फोडण्याआधी. फ्रिजमध्ये एकदा ठेवलेलं अंडं बाहेर-आत करू नये, त्यावर दव धरतं. जुनं की ताजं हे पाण्यात कळतं. ताजं आडवं तळाशी बसतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं, कारण आतली हवेची पोकळी वाढत जाते. आणि खुराड्यात हात घातल्यावर साबणाने धुवायचे. साल्मोनेला गावठी कोंबडीला वर्ज्य नाही.

शहरातल्या गिऱ्हाइकाचे मात्र भलतेच समज असतात. गावठी अंडं जास्त पौष्टिक म्हणून तो फार्मच्या अंड्याच्या दुप्पट पैसे आनंदाने मोजतो. गावठी अंडं चाळीस ग्रॅमच्या आसपास, फार्मचं पन्नासच्या वर, तेव्हा प्रथिनं तो कमीच विकत घेत असतो. बलक गडद असतो तो हिरवा पाला, किडे आणि मका खाल्ल्यामुळे. फार्मवालेही कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालून तोच रंग आणतात. दसरा-दिवाळीला दारावर जो झेंडू, तोच. कवचाचा तपकिरी रंग तर निव्वळ जातीचा भाग, म्हणून पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून खपवणारे महाभाग निघतात. कच्चं अंडं दुधात घालून पिण्याची तालमीतली सवयही सोडलेली बरी, शिजवलेल्यातली प्रथिनं शरीराला जास्त लागू पडतात. आणखी एक गंमत. फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे तिथलं अंडं निर्जीव. गांधीजींनी 'आरोग्याची किल्ली'मध्ये लिहिलं आहे की दूध चालणाऱ्याला असं अंडं चालायला हरकत नसावी. गावठी अंडं बहुधा भरलेलं असतं. शाकाहाराला जवळचं अंडं हवं असणाऱ्याने गावठीच्या मागे लागू नये.

मग दुप्पट पैसे फुकटच जातात का? ते जातात कोणाकडे, हे पाहिलं तर नाही. भाताचे पैसे घरधन्याच्या हातात, अंड्यांचे बाईच्या. वह्या, एसटीचं तिकीट, भिशीचा हप्ता त्यातून सुटतो. कोंबडे गटारीला आणि शेतावरच्या राखणीला जातात, तेव्हा भाव चढा असतो. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. त्याच काळात फार्मवरच्या वाढल्या साडेचार टक्के. मोडीत निघाला म्हणून ज्याची दरवर्षी हळहळ होते तो धंदा असा वाढतो आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून शाळांना लोकवर्गणीकडे बोट दाखवलं. चालू राहिलं असतं तर ते अंडं वाडीतूनच जाऊ शकलं असतं. साठ मुलांना एका दिवशी साठ अंडी लागतात, आठ घरांनी मिळून आठवडाभर जमवली तर होतात. कोणी जमवायची, एवढाच प्रश्न होता.

शेजारच्या वाडीत एका तरुणाने थर्माकोलच्या खोक्याचं उबवणी यंत्र केलं आहे. पाण्याची वाटी, पंखा, तापमानाचं बटण, शंभर अंडी. साडेसदतीस अंश राखतं, अंडी तो दिवसातून चार वेळा हाताने फिरवतो. यंत्राचं काम चोख आहे. त्याच्या पिल्लांची पहिली खेप निघाली ती जूनमध्ये, आणि तिसऱ्या रात्री वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. आता त्याने पद्धत बदलली आहे. यंत्रातून पिल्लं निघायच्या बेताला तो आसपासच्या वाड्यांतून खुडूक कोंबड्या शोधत फिरतो. रात्री अंधारात कोंबडीखालची अंडी काढायची, तितकीच एकदिवसाची पिल्लं सरकवायची. सकाळी ती आपली म्हणून स्वीकारते. एकेका कोंबडीखाली पंधरा-सोळा खपतात.

काकींकडेही तो आला होता. काळ्या-तांबडीचे दीडपट पैसे देतो म्हणाला. काकींनी विकायला साफ नकार दिला. "अर्धलीनं ने," म्हणाल्या. "तुजी पिल्लं, माजी कोंबडी. जगतील त्यातली निम्मी माजी. आनि तलंगा मी निवडनार."

त्याने तिसरा हिस्सा सांगितला. बोलणी अजून चालू आहेत.